नऊ वाण, ३६ जोड्या: सीडीवर लावलेल्या क्रमवारीत चूक किती?

काळीमाती

नमस्कार. सोयाबीनच्या ९ वाणांची चाचणी आहे. आरबीडी (रानाचे ब्लॉक पाडून प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळे वाण यादृच्छिक क्रमाने), ४ पुनरावृत्त्या, वा-३ हा तुल्य वाण (ज्याच्याशी इतरांची तुलना करायची तो). खरी नावं आणि खरे आकडे इथे देता येत नाहीत, म्हणून त्याच ठेवणीचे नमुना आकडे देतो. सरासरी उत्पादन क्विंटल प्रति हेक्टर, शेजारी सीडीवरून (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे दोन सरासरींमधला फरक लक्षणीय ठरवणारी सीमा) आलेली अक्षरं, एकही अक्षर सामाईक नसलेली जोडी लक्षणीय:

वा-४ : २५.६ अ
वा-७ : २४.९ अब
वा-१ : २४.१ अबक
वा-९ : २३.२ अबकड
वा-२ : २२.७ बकडइ
वा-६ : २१.८ कडइफ
वा-३ (तुल्य) : २१.४ डइफ
वा-८ : २०.५ इफ
वा-५ : १९.६ फ

एरर एमएस (वाण आणि ब्लॉक वगळून प्लॉटांत उरलेला फरक) ३.२४, एरर डीएफ (स्वातंत्र्यांश) २४, एफ (वाणांमधला फरक भागिले एरर एमएस) ५.००, सीव्ही (सरासरीच्या तुलनेत चुकीचं प्रमाण) ८ टक्के, सीडी (५ टक्के) २.६३.

परीक्षकांचा शेरा असा: "३६ जोड्या तपासल्या, पण चुकीवरचं नियंत्रण कुठे आहे?" म्हणून टुकी (सगळ्या जोड्यांची मिळून चूक ५ टक्क्यांत ठेवणारी चाचणी) लावून पाहिली, तर तुल्य वाणसुद्धा वा-४ च्या गटात जाऊन बसला. सीडीने १५ जोड्या लक्षणीय ठरतात, टुकीने ५. डंकन (जोड्या ताडण्याची आणखी एक चाचणी) लावली तर आणखी तिसरंच काही येईल. चाचणीगणिक निष्कर्ष बदलत असेल तर क्रमवारी कशाच्या भरवशावर लावायची? आणि "वा-४ प्रथम क्रमांकाचा" हे वाक्य लिहिता येईल का?

दशांश

ॲनोव्हा (एकूण फरकाची वाण, ब्लॉक आणि एरर अशी वाटणी) सगळीकडे तोच आहे, एरर एमएसही तोच. बदलतो तो फक्त गुणक. तुमच्याच आकड्यांवर सगळ्या सीमा काढून बघू.

एका सरासरीची प्रमाण चूक √(३.२४ ÷ ४) = ०.९०. दोन सरासरींमधल्या फरकाची प्रमाण चूक √(२ × ३.२४ ÷ ४) = १.२७३.

सीडी: २.०६४ × १.२७३ = २.६३
डंकन: क्रमवारीत शेजारी असलेल्या दोघांसाठी २.९२ × ०.९० = २.६३, तर पहिला आणि नववा यांच्यासाठी ३.३७ × ०.९० = ३.०३
टुकी: ४.८१ × ०.९० = ४.३३
बॉनफेरोनी, ५ टक्के चूक ३६ जोड्यांत वाटून: सुमारे ४.६

इथे एक चूक फार होते. सीडीतला टीचा गुणक (२.०६४) फरकाच्या प्रमाण चुकीला (१.२७३) लावायचा आणि टुकीचा क्यू (४.८१) एका सरासरीच्या प्रमाण चुकीला (०.९०). क्यू चुकून १.२७३ ला लावला की सीमा ६.१२ होते. तुमचा सगळ्यात मोठा फरक ६.० आहे, म्हणजे एकही जोडी लक्षणीय उरत नाही, आणि एफ ५.०० असताना असं कसं झालं हे कोणाला कळत नाही.

आता परीक्षकांचा मुद्दा. सीडीतली ५ टक्के चूक ही एका जोडीची, आणि ती जोडी निकाल बघण्याआधी ठरवलेली असेल तरच. नऊही वाण मुळात सारखे असते तरी ३६ जोड्यांत सरासरी ३६ × ०.०५ = १.८ जोड्या खोट्याच लक्षणीय ठरल्या असत्या. निदान एक तरी खोटी जोडी निघण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते. काही ठिकाणी १ − ०.९५³⁶ करून ८४ टक्के लिहितात, ते बरोबर नाही: वा-४ ची एकच सरासरी आठ जोड्यांत येते, त्यामुळे जोड्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात.

"एफ लक्षणीय असेल तरच सीडी" या अटीने बचाव होतो, पण अर्धाच. तीन गटांपर्यंत ही अट प्रयोगनिहाय चूक (पूर्ण प्रयोगात एक तरी खोटी जोडी निघण्याची शक्यता) ५ टक्क्यांत ठेवते. नऊ गटांत नाही. समजा आठ वाण अगदी सारखे आहेत आणि एकच फार कमी उत्पादनाचा आहे. त्या एकामुळे एफ लक्षणीय होतो, दार उघडतं, आणि मग उरलेल्या आठांच्या २८ जोड्यांवर सीडी मोकळी सुटते.

डंकनने १९५५ मध्ये ही सैल रचना जाणूनबुजून केली. पल्ल्यात जितक्या सरासरी, तितकी संरक्षण पातळी ०.९५ च्या घातांकाने खाली येते. नऊ सरासरींना ०.९५⁸ = ०.६६, म्हणजे चुकीला ३४ टक्के जागा. अक्षरं दिसायला टुकीसारखीच येतात, पण त्यांच्यामागची हमी फार वेगळी आहे. "डंकन लावली म्हणजे नियंत्रण झालं" हा समज खोडून टाका. न्यूमन-क्यूल्स या चाचणीचंही तसंच: सगळे वाण सारखे असतील तेव्हा ती ५ टक्के पाळते, काही सारखे आणि काही वेगळे असतील तेव्हा नाही. सगळ्या जोड्यांची हमी हवी असेल तर टुकी.

आडवा_ब्लॉक

दशांश यांचं गणित बरोबर आहे, पण "मग टुकी लावा" एवढ्यावर थांबू नये. तुम्हाला ३६ जोड्यांची उत्तरं खरंच हवी आहेत का? वा-८ आणि वा-५ यांच्यात कोण सरस, याने कोणाचा निर्णय बदलणार आहे? टुकी त्या जोडीचीही किंमत वसूल करते. प्रश्न अरुंद केला की तेवढ्याच हमीत सीमा खाली येते.

वाण चाचणीत बहुतेक वेळा खरा प्रश्न एवढाच असतो: तुल्य वाणापेक्षा कोणता वाण सरस? म्हणजे ३६ नाही, ८ तुलना. त्यासाठी डनेटची चाचणी आहे, तीही १९५५ चीच. २४ डीएफ आणि ८ तुलनांना दुतर्फा (सरस किंवा कमी, दोन्हीकडे बघणारा) गुणक २.८६, सीमा २.८६ × १.२७३ = ३.६४. एकतर्फी गुणक २.५३, सीमा ३.२२.

तुल्य वाण २१.४ वर आहे. वा-४ चा फरक ४.२, वा-७ चा ३.५, वा-१ चा २.७. आता बघा:

सीडी (२.६३): तिन्ही सरस
डनेट एकतर्फी (३.२२): वा-४ आणि वा-७
डनेट दुतर्फा (३.६४): फक्त वा-४
टुकी (४.३३): एकही नाही

"तुल्य वाणापेक्षा सरस आहे का" एवढंच विचारायचं असेल तर एकतर्फी चालते, पण ते पेरणीआधी तांत्रिक कार्यक्रमात लिहिलेलं असलं पाहिजे. वा-७ चा ३.५ दिसल्यावर एकतर्फी निवडली, तर ती ५ टक्क्यांची चाचणी राहत नाही. तुमच्याकडे आधी लिहिलेलं नसेल तर दुतर्फाच द्या, आणि वा-७ बद्दल फरक ३.५, सीमा ३.६४ असं उघड छापा. वाचणारा जाणकार असेल तर त्याला त्यातून सगळं कळतं.

आणखी एक. चाचणीत तुल्य वाणाच्या पुनरावृत्त्या वाढवणं स्वस्तातलं काम आहे. आठही तुलनांत तोच एक वाण येतो. प्रत्येक ब्लॉकमध्ये त्याला दोन प्लॉट दिले की फरकाची प्रमाण चूक √(३.२४ × (१/४ + १/८)) = १.१० होते. ब्लॉकमागे एकाच जादा प्लॉटमध्ये सगळ्या तुलना धारदार होतात.

पेरणीयंत्र

सीडीच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण ती लावणारे सगळे अडाणी नाहीत. चूक दोन्हीकडे असते. नसलेला फरक दिसणं ही एक, आणि असलेला फरक न दिसणं ही दुसरी. कार्मर आणि स्वानसन यांनी १९७३ मध्ये संगणकावर कृत्रिम प्रयोग चालवून दहा पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा एफ लक्षणीय असल्यावरच लावलेली सीडी त्यांना खरे फरक पकडण्यात चांगली वाटली. शेतीच्या प्रयोगांत सीडी टिकून राहिली त्यामागे हे कारणही आहे.

टप्पा कोणता ते बघा. प्राथमिक चाचणीत चांगली ओळ (वाण होण्याच्या वाटेवरची निवड) हातची गेली तर ती परत मिळत नाही. कमअस्सल ओळ पुढे गेली तर पुढच्या हंगामात आपोआप गळते. तिथे टुकी लावणं म्हणजे बियाणं फेकून देणं. १५०-२०० ओळी असतील तर बेन्जामिनी-हॉकबर्ग (१९९५) लावा: निवडलेल्या यादीत खोट्यांचा वाटा सरासरी ५ किंवा १० टक्क्यांवर जाऊ देत नाही. शिफारशीच्या टप्प्यावर मात्र गणित उलटं होतं. तिथे चुकीचा वाण शेतकऱ्याच्या रानात जातो, म्हणून प्रयोगनिहाय चूक बांधलीच पाहिजे.

सीडी लावायची तर निदान प्रबंधात "जोडीनिहाय ५ टक्के, बहुतुलनेची दुरुस्ती नाही" हे शब्द असावेत. नुसतं "सीडी ५ टक्के" वाचून पूर्ण तक्त्याची हमी ५ टक्के आहे असंच वाटतं.

काळीमाती

खूप स्पष्ट झालं, आभार. डनेटचा मुद्दा पटला, तो तक्ता दुतर्फाच देतो. पण दोन गोष्टी राहिल्या. पहिला कोण, हा प्रश्न मला खरोखर मांडायचा आहे, नुसता तुल्य वाणाशी नाही. आणि प्रबंधाच्या तक्त्यात १ ते ९ क्रमांकाचा रकाना मागितला आहे. तो कसा द्यायचा?

शेंगांची संख्याही आहे, प्रत्येक प्लॉटमधून ५ झाडं मोजली आहेत. तिथे सीडी फारच लहान येते, म्हणजे ते गुणवैशिष्ट्य चांगलं वेगळं पडतंय ना?

दशांश

"पहिला कोण" या प्रश्नाची स्वतःची पद्धत आहे: सर्वोत्तमाशी तुलना, जेसन सू यांची, १९८० च्या दशकातली. प्रत्येक वाणाची तुलना उरलेल्यांतल्या सर्वोत्तमाशी करायची. गुणक डनेटचाच एकतर्फी, ८ तुलनांचा, म्हणजे तुमच्याकडे सीमा पुन्हा ३.२२.

वा-४ पासून ३.२२ च्या आत कोण? वा-७ (०.७), वा-१ (१.५), वा-९ (२.४), वा-२ (२.९). हे चार आणि वा-४ मिळून पाच जण "सर्वोत्तम असू शकतात" या यादीत राहतात. वा-६ ३.८ ने मागे आहे, तो गेला. तुल्य वाण, वा-८, वा-५ हेही गेले. प्रयोगनिहाय ५ टक्के चुकीत मिळालेलं हे ठाम उत्तर आहे: चार वाण स्पर्धेतून बाद. टुकीला एवढंही म्हणता येत नव्हतं, कारण तिने वा-६ आणि तुल्य वाण दोघांनाही वा-४ च्या गटात ठेवलं होतं.

किती मागे, तेही मिळतं. वा-७ साठी अंतराल (खरा फरक ज्या मर्यादांत असावा त्या) −३.९ ते +२.५: सर्वोत्तमापेक्षा जास्तीत जास्त ३.९ ने कमी, नाहीतर स्वतःच सर्वोत्तम आणि २.५ पर्यंत पुढे. वा-६ साठी −७.० ते ०.

आता क्रमांकाचा रकाना. एकटा क्रमांक छापू नका, त्याच्या शेजारी क्रमांकाचा पल्ला द्या. टुकीच्या निकालावरून तो हाताने निघतो. ज्या वाणाचा पल्ला हवा, त्याच्यापेक्षा लक्षणीय सरस किती, ते मोजून १ मिळवा: ही वरची मर्यादा. त्याच्यापेक्षा लक्षणीय कमी किती, ते ९ मधून वजा करा: ही खालची. तुमच्या पाच लक्षणीय जोड्या म्हणजे वा-४ विरुद्ध वा-८ आणि वा-५, वा-७ विरुद्ध तेच दोघे, आणि वा-१ विरुद्ध वा-५. त्यावरून:

वा-४ : क्रमांक १, पल्ला १ ते ७
वा-७ : २, पल्ला १ ते ७
वा-१ : ३, पल्ला १ ते ८
वा-९, वा-२, वा-६, वा-३ : ४ ते ७, प्रत्येकाचा पल्ला १ ते ९
वा-८ : ८, पल्ला ३ ते ९
वा-५ : ९, पल्ला ४ ते ९

सगळे पल्ले एकाच वेळी खरे असण्याची हमी किमान ९५ टक्के. तुल्य वाणाचा १ ते ९ हा पल्ला बघा आणि तो सर्वोत्तमाच्या यादीतून बाद झालाय हेही बघा. यात विसंगती नाही. पल्ले नवांच्याही जागा एकदम सांगतात, म्हणून ते रुंद आहेत. बादची यादी फक्त वरच्या जागेबद्दल बोलते.

वा-४ च्या २५.६ वरही भरवसा जरा कमी ठेवा. नवांतला सर्वात मोठा आकडा उचलला की त्यात नशिबाचा थोडा वाटा येतोच. समतोल चाचणीत १ − १/एफ = ०.८० एवढाच भाग वाणाचा धरायचा: २२.६४ (नवांची सरासरी) + ०.८० × २.९६ (वा-४ तिच्या किती वर) = २५.०. पुढच्या हंगामाचा अंदाज बांधायचा तर हा आकडा घ्या. क्रम यात बदलत नाही, कारण सगळ्यांच्या पुनरावृत्त्या सारख्या आहेत. काही प्लॉट गेले असते तर तोही बदलला असता.

आडवा_ब्लॉक

शेंगांचं उत्तर: नाही, तिथे गडबड आहे. ५ झाडं × ४ प्लॉट म्हणजे २० पुनरावृत्त्या नव्हेत. वाण प्लॉटला दिला होता, झाडाला नाही. झाडनिहाय १८० नोंदी सरळ ॲनोव्हात टाकल्या की एरर डीएफ २४ ऐवजी १६८ होतात, आणि एररमध्ये एकाच प्लॉटातल्या शेजारच्या झाडांमधला फरक जातो. प्लॉटाप्लॉटांतला फरक त्यात जवळपास बुडून जातो. सीडी लहान येते ती म्हणूनच. प्रत्येक प्लॉटच्या ५ झाडांची सरासरी काढा, ३६ आकड्यांवर ॲनोव्हा करा. टुकी असो की डनेट, एरर एमएस चुकीचा असेल तर कोणतीही दुरुस्ती वाचवू शकत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये जिथे पाय घसरतो ती ठिकाणंही लिहितो. आर या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधल्या ॲग्रिकोले पॅकेजची सीडीची आज्ञा आपणहून कोणतीही दुरुस्ती करत नाही, सांगावी लागते. तिथे पहिलं अक्षर सर्वात मोठ्या सरासरीला मिळतं. ईएममीन्स या आरच्याच दुसऱ्या पॅकेजवरून गट काढले तर क्रम लहानाकडून मोठ्याकडे येतो, म्हणजे पहिली खूण सर्वात कमी उत्पादनाच्या वाणावर. तक्ता तसाच उतरवला तर अर्थ उलटा होतो. ईएममीन्स जोड्यांना आपणहून टुकी लावतं, पण ठिकाणनिहाय जोड्या मागितल्या तर दुरुस्ती त्या त्या ठिकाणापुरतीच असते, सगळ्या ठिकाणांची मिळून नाही. एक्सेलमध्ये टीचं दुतर्फा फंक्शन वेगळं आहे. चुकून एकतर्फी घेतलं तर २.०६४ ऐवजी १.७११ येतो आणि सीडी २.१८ होते. क्यूचं फंक्शन एक्सेलमध्ये नाहीच, तो तक्त्यातून घ्यावा लागतो.

याच प्रबंधात खताच्या मात्रांचा प्रयोग असेल, स्फुरद ०, ३०, ६०, ९० किलो असा, तर तिथे अक्षरं लावूच नका. ६० आणि ९० ॲट पार (लक्षणीय फरक नाही) असं लिहून काही हाती लागत नाही. मात्रेवर उत्पादनाची रेषा किंवा वक्र बसवा.

पेरणीयंत्र

पुढच्या हंगामाचा विचार असेल तर पुनरावृत्त्यांचा हिशोबही आत्ताच करा. एरर एमएस ३.२४ च राहील असं धरून सीडीची सीमा २.५ क्विंटलच्या खाली आणायला ५ पुनरावृत्त्या पुरतात, टुकीची आणायला ११ लागतात. ९ वाण × ११ म्हणजे ९९ प्लॉट. एकाच रानात एवढे ब्लॉक एकजिनसी मिळणं अवघड. ठिकाणं वाढवणं बरं, पण मग वाणांची तुलना एरर एमएसने नाही, वाण × ठिकाण यांच्या एमएसने करायची, नाहीतर एका रानात गाजलेला वाण सगळीकडे गाजला असं छापलं जातं. ठिकाणं एकत्र करण्याआधी प्रत्येक ठिकाणचे एरर एमएस एकमेकांच्या जवळ आहेत का ते बार्टलेटच्या चाचणीने तपासा.

काळीमाती

आभार. निष्कर्षाचा मसुदा असा केला आहे: "सर्वोत्तमाशी तुलना केल्यावर (प्रयोगनिहाय चूक ५ टक्के) वा-४, वा-७, वा-१, वा-९ आणि वा-२ हे पाच वाण उत्पादनात सारखे आढळले. तुल्य वाणापेक्षा वा-४ लक्षणीय सरस (डनेट, दुतर्फा, फरक ४.२, सीमा ३.६४)." चालेल?

दशांश

दुसरं वाक्य उत्तम. पहिल्यातला "सारखे आढळले" काढा. फरक सिद्ध न होणं म्हणजे सारखेपणा सिद्ध होणं नव्हे. वा-४ आणि वा-७ एवढीच जोडी घेतली तरी फरक ०.७ ± २.६३, म्हणजे −१.९ ते ३.३. वा-४ खरोखर ३.३ क्विंटलने पुढे असू शकतो, तुल्य वाणाच्या उत्पादनाच्या १५ टक्क्यांएवढं. सारखे म्हणायचं तर आधी "दीड क्विंटलच्या आतला फरक आम्ही फरक मानत नाही" असं काही ठरवून पूर्ण अंतराल त्यात बसतो का ते दाखवावं लागतं, आणि ४ पुनरावृत्त्यांत ते बसत नाही.

असं लिहा: "सर्वोत्तम वाण वा-४, वा-७, वा-१, वा-९ आणि वा-२ यांपैकी एक आहे, या पाचांमध्ये क्रम लावण्याइतका पुरावा या चाचणीत नाही." तक्त्याखाली एरर एमएस, डीएफ, पुनरावृत्त्या आणि वापरलेला गुणक हे चारही द्या, म्हणजे ज्याला टुकी हवी तो टुकी काढेल आणि ज्याला सीडी हवी तो सीडी.